पुण्याचं सांडपाणी, इंदापूरचा ऊस आणि भिगवणची चिलापी

जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या पुनर्वापराचं धोरण मंजूर केलं. राज्यातल्या सगळ्या, म्हणजे ४२४ नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांना ते लागू आहे. बातमी वाचून बहुतेकांच्या मनात जे आलं ते एका वाक्यात मावतं: म्हणजे आम्ही गटाराच्या पाण्यावरची भाजी आणि मासे खायचे का?

प्रश्न रास्त आहे, उशिरा पडलाय इतकंच. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सकाळी मोरीतून गेलेलं पाणी मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणीतून भीमेत येतं, आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात. त्यातलं काही प्रक्रिया केंद्रातून जातं, काही तसंच नदीत पडतं. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. इंदापूर, करमाळा, माढ्याचा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे. उजनीतली चिलापी भिगवणच्या मासळी बाजारात येते आणि तिथून गाड्या भरून पुन्हा शहरांकडे जाते. सांडपाण्याचा पुनर्वापर आपल्याकडे अनेक वर्षं चालू आहे. मोजमाप नव्हतं, करार नव्हता आणि कुणाची जबाबदारी नव्हती, एवढाच काय तो फरक.

मोजूनमापून करायचा झाला तर त्यात काय काय येतं, कुठली भीती खरी आणि कुठली नुसती किळस, ते पाहू.

## घाण किती, पाणी किती

शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी दिवसाला १३५ लिटरचा आहे. त्यातलं ८० टक्के पाणी मोरी-संडासातून परत येणार असं धरून गटारं आखली जातात. कृष्णा खोऱ्याचं (भीमा त्यातलीच) पाणी राज्याराज्यांत वाटून देताना बचावत लवादानंही असाच हिशेब केला होता: शहरानं पिण्यासाठी उचललेल्या पाण्यापैकी २० टक्केच खर्ची पडलं असं मानायचं, उद्योगांच्या बाबतीत तर अवघं २.५ टक्के. बाकीचं नदीला परत मिळालं असं धरायचं. हा आकडा ध्यानात असू द्या, पुढं लागणार आहे.

परत आलेल्या या सांडपाण्यात ९९.९ टक्के पाणीच असतं. सगळा घोळ उरलेल्या दशांश टक्क्यात आहे. मैला, साबण, तेल, खरकटं, मीठ, नत्र, स्फुरद, जंतू, जंतांची अंडी, औषधांचे अंश. यातल्या प्रत्येकाला काढायची रीत वेगळी. मैला जिवाणू खाऊन टाकतात. जंतू उन्हानं किंवा क्लोरीननं मरतात. जंतांची अंडी क्लोरीनला दाद देत नाहीत, पण पाणी शांत उभं राहिलं की गाळात बसतात. आणि विरघळलेलं मीठ नेहमीच्या कुठल्याच प्रक्रियेत निघत नाही, त्याला समुद्राचं पाणी गोडं करतात तसली महागडी यंत्रणा लागते.

त्यामुळे ‘पाणी शुद्ध आहे का?’ एवढंच विचारून काही हाती लागत नाही. कशासाठी शुद्ध, हेही विचारावं लागतं. माशाला मारणारा अमोनिया उसाला खत म्हणून चालतो. द्राक्षबाग करपवणारं मीठ चिलापीला जाणवतही नाही.

## प्रक्रिया केंद्रात होतं काय

आधी लोखंडी जाळ्या चिंध्या, पिशव्या, पॅड वगैरे अडवतात. मग वाळू खाली बसते. त्यानंतर मोठाल्या टाक्यांत तळातून हवा सोडतात. त्या हवेवर जिवाणू पोसतात, पाण्यात विरघळलेली घाण खातात आणि त्यांचा तपकिरी गाळ तळाशी बसतो. इथवरच्या कामाला दुय्यम प्रक्रिया म्हणतात. यापुढे वाळूच्या गाळण्या आणि क्लोरीन किंवा अतिनील किरण आले की ती तृतीय प्रक्रिया. सरकारी कागदावर दोन्हींना ‘प्रक्रिया केलेलं पाणी’ असंच लिहिलेलं असतं. बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

केंद्र नीट चालतंय का, हे सांगणारा आकडा म्हणजे बीओडी. पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना जितका ऑक्सिजन लागेल, तितका बीओडी. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा तो वाचावा. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ही गल्ल्यातली रोकड, आणि आपल्या हवामानात एका लिटरमध्ये ती सात-आठ मिलिग्रॅमच्या वर मावत नाही. कच्च्या सांडपाण्याची उधारी असते २०० ते ३०० मिलिग्रॅम. गल्ल्यात आठ रुपये आणि देणं अडीचशेचं. असं पाणी नदीत पडलं की नदीची रोकडही त्यात जाते, पाणी काळं पडतं, सडक्या अंड्यांचा वास येतो. चांगलं चाललेलं केंद्र ही उधारी दहावर आणून सोडतं.

चांगलं चाललेलं, यावर सगळं अवलंबून आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रातल्या शहरांतून ९,१०७ एमएलडी सांडपाणी निघत होतं. एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. केंद्रं उभारलेली होती ६,८९० एमएलडीची, आणि त्यांतून प्रत्यक्षात जात होतं ४,२४२. निम्म्याहून जास्त सांडपाणी केंद्राचं तोंडही न बघता नदीनाल्यांत. उद्घाटनाच्या बातम्यांत क्षमता छापतात. वापर किती, ते कुणी सांगत नाही.

## मासा पहाटे का मरतो

आता माशांकडे येऊ. प्रक्रिया केलेल्या पाण्यात नत्र आणि स्फुरद बऱ्यापैकी उरलेलं असतं. ते तळ्यात आलं की सूक्ष्म हिरवं शेवाळ फोफावतं, शेवाळावर बारीक जलकीटक वाढतात आणि या दोन्हींवर कटला, रोहू, चिलापी. मत्स्यशेतीत निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो, इथं तो बराचसा वाचतो. कल्पनेत काही नवीन नाही. कोलकात्याच्या पूर्वेला १२,५०० हेक्टरवर पसरलेल्या पाणथळीत शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत, ज्यांना तिथं ‘भेरी’ म्हणतात, घेऊन मासे वाढवण्याची रीत अनेक पिढ्यांची आहे. सरकारी अभियंता ध्रुवज्योती घोष यांनी तिचा अभ्यास केला, ती जगापुढं मांडली, आणि २००२ मध्ये या पाणथळीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता, मिळाला. मच्छीमारांना विज्ञानाचं पुस्तक नव्हतं, पण गुडघा-कंबरभर खोल पाण्यावर ऊन पडू दिलं की घाण मरते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तेच काम कोरड्या प्रदेशातही जमतं, याचा दाखला पेरूची राजधानी लिमा. वर्षाकाठी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पाऊस पडणारं वाळवंटी महानगर. तिथल्या सान हुआन दे मिराफ्लोरेस भागात सांडपाणी एकामागून एक तळ्यांतून फिरवून, शेवटच्या तळ्यांच्या पाण्यात चिलापी वाढवण्याचे प्रयोग १९८० च्या दशकात झाले. मासा वाढला, आणि तळ्यातले जंतू मर्यादेत ठेवले तेव्हा तो खाण्याजोगाही निघाला.

ऐकायला सोपं वाटतं. तळ्यावर चोवीस तास काढले की सोपं राहत नाही.

दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढतं. रोकड सर्वात कमी असते ती सूर्य उगवायच्या जरा आधी. म्हणून मासे मरतात ते पहाटे: आधी पृष्ठभागावर येऊन तोंडानं आ-आ करतात, मग काठाला पांढरी पोटं दिसायला लागतात. कटला-रोहूला चार-पाच मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या आफ्रिकी चिलापीला मात्र त्याहून कितीतरी कमी चालतो. उजनीत चिलापी का माजली आणि बाकीच्यांची का पीछेहाट झाली, त्यातलं एक कारण इथं आहे. तळ्यात शेवाळ जास्त झालंय का हे पाहायची मत्स्यशेतकऱ्यांची युक्ती अशी: हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायचा. तळवा अंधुक दिसला तर ठीक. मनगट बुडायच्या आतच तळवा दिसेनासा झाला, तर त्या रात्री हवा द्यायचं यंत्र चालू ठेवायचं.

दुपारचं संकट वेगळं. सांडपाण्यातलं बरंचसं नत्र अमोनियाच्या रूपात असतं. त्याचे दोन अवतार, एक निरुपद्रवी, दुसरा माशाची कल्ली जाळणारा. कुठला किती, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, ठरतं. माती परीक्षणाच्या अहवालात असतो तोच सामू. पाणी २८ अंशांवर आणि सामू ७ असेल तर विषारी अवतार एक टक्काही नसतो. पण भर उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, सामू ९ पर्यंत चढतो आणि त्याच पाण्यातला ४० टक्के अमोनिया विषारी होतो. सकाळी प्रयोगशाळेत पाठवलेला नमुना उत्तम येतो आणि दुपारी मासे उलटे होतात, ते यामुळे.

तिसरी अडचण उपचारातूनच येते. माणसासाठी पाणी निर्जंतुक करायला टाकलेला क्लोरीन माशाला अगदी थोडक्या प्रमाणातही मारतो. अमोनियाशी मिळून तो जी संयुगं करतो, ती तर पाण्यात जास्तच टिकतात. म्हणजे केंद्रातून थेट नळी टाकून तळं भरायचं नाही. मध्ये एखाद-दोन तळी रिकामी, बिनमाशांची हवीत. तिथं क्लोरीन उडतो, जंतांची अंडी गाळात बसतात, अमोनिया उतरतो. यात जागा जाते आणि बाष्पीभवनात पाणी जातं. कोरड्या भागात हा तोटा लहान नाही, पण तो टाळायचा म्हणजे मासेच टाळायचे.

## ठीक, पण मी तो मासा खायचा का?

जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये सांडपाण्याच्या वापराबद्दल चार खंडांत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातला एक खंड मत्स्यशेतीसाठीच आहे. खाणाऱ्याच्या दृष्टीनं तळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू दहा हजारांच्या आत हवेत. तळ्यात उतरणाऱ्या मजुरांसाठी आणि शेजारच्या वस्तीसाठी मर्यादा अधिक कडक, एक हजार. हे वाचून मला बरं वाटलं: खाणाऱ्यापेक्षा चिखलात उभ्या असलेल्या माणसाला धोका जास्त, हे निदान कागदावर तरी कुणी मानलंय. कच्च्या सांडपाण्यात हा आकडा कोटीच्या घरात असतो, आणि नुसत्या दुय्यम प्रक्रियेनंतरही लाखांत उरतो. याचा अर्थ सरळ आहे. फक्त दुय्यम प्रक्रिया झालेलं पाणी थेट मत्स्यतळ्यात चालणार नाही.

मर्यादा पाळली तर जंतू माशाच्या मांसात शिरत नाहीत, आतड्यात आणि कातडीवर राहतात. आपलं कालवण खळखळून उकळतं, त्यामुळे शिजलेल्या तुकडीत फारसं भय नाही. भय आहे विळीवर. माशाचं पोट जिच्यावर फाडलं, तिच्यावरच पाठोपाठ कोथिंबीर चिरली, तर उकळण्याचा काही उपयोग झाला नाही. विकण्याआधी मासे काही दिवस स्वच्छ पाण्यात ठेवले तर आतडी बरीच साफ होतात. पण तळंच घाण असेल तर एवढ्यानं भागत नाही.

शिजवून न जाणारी गोष्ट म्हणजे जड धातू. पारा, शिसं, कॅडमियम हे माशाच्या अंगात साठत जातात. घरगुती सांडपाण्यात ते फार नसतात, येतात ते कारखान्यांच्या पाण्यातून. म्हणून मत्स्यशेतीसाठी माझ्या मते पहिली अट प्रक्रियेच्या यंत्राची नाहीच, गटाराच्या नकाशाची आहे. ज्या गटारात औद्योगिक पाणी मिसळतं, त्याच्या पाण्यावर खाण्याचा मासा नको, केंद्र कितीही अत्याधुनिक असलं तरी.

मधली एक वाट आहे, आणि आपल्याकडे तिची चर्चा फारच कमी होते. अशा तळ्यांत खाण्याचा मासा न वाढवता बोटुकली वाढवायची, म्हणजे बोटाएवढं मत्स्यबीज. ते पुढे शेततळ्यांत आणि जलाशयांत स्वच्छ पाण्यावर अनेक महिने वाढतं. शोभेचे मासे हा दुसरा पर्याय, ते तर कुणी खातच नाही.

## शेतात: दोन गोण्या युरिया आणि दीड टन मीठ

शेतीला हे पाणी माशापेक्षा सोपं. ऑक्सिजनची उधारी माती फेडते, अमोनिया पीक उचलतं. समजा पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम नत्र उरलंय आणि एकराला वर्षभरात २० लाख लिटर पाणी दिलं. गुणाकार केला की ४० किलो नत्र येतं. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या, फुकट.

फुकटच्या या खताला नळाची तोटी मात्र नसते. ऊस पक्व होताना नत्र थांबवायचं असतं, नाहीतर साखरेचा उतारा पडतो. कपाशी नुसती पानांनी माजते. गोणी बंद करता येते; पाण्यातलं खत पाण्याबरोबर येतच राहतं. जे शेतकरी पाण्याच्या अहवालानुसार खताची मात्रा कमी करतात त्यांना फायदा होतो, जे नेहमीची मात्रा टाकून वर हे पाणी देतात ते पैसे घालवून पीक बिघडवतात.

खरी काळजी मिठाची आहे. प्रक्रियेत मीठ निघत नाही हे वर आलंच. पाण्यात लिटरमागे ७०० मिलिग्रॅम क्षार असतील तर त्याच २० लाख लिटरबरोबर एकरात वर्षाला १,४०० किलो क्षार येतात. धरणाच्या गोड्या पाण्याबरोबरही क्षार येतात, पण २०० मिलिग्रॅमच्या हिशेबानं ४०० किलो. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत पावसाळ्यात हे धुपून जातं. काळ्या भारी जमिनीत, जिथं पाऊसच ५०० मिलिमीटरच्या आसपास, तिथं ते साठतं. वर सोडियम जास्त असेल तर माती चिकट होते, पाणी मुरत नाही, उन्हाळ्यात पांढरा थर वर येतो. शिरोळ-सांगलीकडची क्षारपड आणि चोपण जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तिथं तर पाणी नदीचंच होतं, फक्त अति होतं.

इस्रायलनं हे आधी भोगलंय. आज तिथं जवळजवळ ९० टक्के सांडपाणी शेतीत वापरलं जातं आणि आपल्याकडच्या भाषणांत त्याचं नाव हमखास येतं. भाषणांत न येणारा भाग असा की १९७० मध्ये जेरुसलेममध्ये कॉलरा पसरला, तो कच्च्या सांडपाण्यावर पिकवलेल्या भाजीतून. आणि पाण्यातलं बोरॉन पिकांना बाधू लागलं तेव्हा त्यांनी प्रक्रिया केंद्राकडे बोट न दाखवता कपडे धुण्याच्या पावडरीतल्या बोरॉनवरच मर्यादा घातली. घरात काय वापरायचं हे शेताकडे बघून ठरवलं.

भाजी कुठली घ्यायची, याचं उत्तर अवघड नाही. कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर, मुळा, काकडी अशा पाण्यावर नको, तृतीय प्रक्रिया आणि तपासणी पक्की असेल तरच. ऊस, कापूस, चारा, फळझाडं चालतील, त्यातही ठिबकवर; पाणी फळाला लागत नाही आणि मजुराच्या अंगावर उडत नाही. ठिबकला मात्र सँड फिल्टर हवाच. शेवाळ ठिबकच्या नळ्यांत शिरलं की ड्रीपर टाचणीनं टोकरत बसावं लागतं.

## मुंढव्यात कुठं अडलं

महाराष्ट्रात या सगळ्याची सर्वात मोठी परीक्षा पुण्याच्या मुंढव्याला चालू आहे. खडकवासला साखळीतून शहराला ११.५ टीएमसी पाणी, आणि त्या बदल्यात शहरानं ६.५ टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी शेतीला परत द्यायचं, असा पुणे महापालिका आणि जलसंपदा विभागाचा करार झाला होता. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. त्यासाठी मुंढव्याला नदीकाठी जॅकवेल, म्हणजे पंपानं पाणी उपसायची विहीर, बांधली. तिथून पाणी उचलून साडेसतरा नळीजवळ जुन्या बेबी कालव्यात सोडतात, आणि ते हवेली-दौंडच्या शेतांकडे जातं.

कल्पना चांगली आहे. गोची एका ठिकाणी आहे: जॅकवेल प्रक्रिया केंद्राच्या पाइपातून पाणी घेत नाही, नदीतून घेते. वरच्या केंद्रांनी पाणी कितीही स्वच्छ करून सोडलं तरी वाटेत न अडवलेले नाले त्याच नदीत मिळतात. शेतकऱ्याच्या पाटात येतं ते दोन्हींचं मिश्रण, आणि फेस, काळा रंग, वास या तक्रारी वर्षानुवर्षं तिथूनच येतात. जायका या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जातून होणारी ११ नवी केंद्रं, एकूण ३९६ एमएलडीची, पूर्ण चालू झाली की फरक पडायला हवा. तोवर कालव्यावरच्या शेतकऱ्यांनी पाण्याचा अहवाल मागताना नुसता बीओडी मागून भागणार नाही. क्षारांसाठी ईसी, सोडियमचं प्रमाण, ई. कोलाय आणि जंतांची अंडी हे आकडे हवेत, आणि नमुना कालव्यातला हवा, केंद्राच्या दारातला नको. भाजीसाठी जागतिक आरोग्य संघटना लिटरमागे एकापेक्षा जास्त अंडं चालवून घेत नाही. हा शेवटचा आकडा आपल्याकडे सहसा तपासलाच जात नाही.

## जमिनीतून मुरवलं तर?

बंगळूरनं हा मार्ग घेतला. कोलार हा बारमाही नदी नसलेला, हजार फुटांहून खोल बोअर मारूनही पाणी न लागणारा जिल्हा. बंगळूरच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातलं दुय्यम प्रक्रिया केलेलं ४४० एमएलडी पाणी तिथल्या कोरड्या तलावांत सोडायची योजना जून २०१८ मध्ये सुरू झाली. शेतकऱ्यानं तलावातून थेट पाणी उपसायचं नाही. मुरलेलं पाणी विहिरीतून, बोअरमधून घ्यायचं. महिनाभरातच लक्ष्मीसागर तलाव फेसानं भरला, प्रकरण उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं, स्थगिती आली आणि २०१९ मध्ये उठली. त्यानंतर भूजल वर आलं, कोरडे बोअर चालू झाले, तलावांत मासेही दिसू लागले. तृतीय प्रक्रियेची मागणी मात्र अजून संपलेली नाही.

मागणी करणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं, आणि त्याचं कारण दगडात आहे. तेल अवीवजवळ इस्रायल जे पाणी जमिनीत मुरवतं ते वाळूच्या टेकड्यांतून हळूहळू झिरपतं. वाळू गाळणीचं काम करते. कोलारचा ग्रॅनाइट किंवा आपला काळा कातळ असा गाळत नाही. पाणी भेगा शोधतं आणि भेगेतून थेट विहिरीत उतरतं. ती विहीर पिण्याची असेल तर नायट्रेट तपासायलाच हवं, पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. दख्खनच्या पठारावर कुणी इस्रायलचं नाव घेऊन पाणी मुरवायला निघालं, तर आधी त्याला भूगर्भाचा नकाशा दाखवायला सांगावं.

## आणि औषधांचे अंश?

असतात. इस्रायलमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा पाण्यावरची भाजी खाणाऱ्यांच्या लघवीत फिट्सवरच्या कार्बामाझेपिन या औषधाचा अंश सापडला. प्रमाण उपचाराच्या मात्रेपेक्षा कितीतरी कमी होतं. जंत किंवा क्षारांच्या तुलनेत ही काळजी मी खालच्या क्रमांकावर ठेवेन. पण काही नाहीच असं सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवणार नाही.

## हे पाणी मुळात कुणाचं?

बचावत लवादाचा तो २० टक्क्यांचा हिशेब इथं लागतो. कागदावर पुण्याचं ८० टक्के पाणी नदीला परत मिळालेलं आहे. म्हणजे ते खालच्या गावांच्या वाट्यात आधीच धरलेलं आहे. तेच पाणी शहरानं प्रक्रिया करून एखाद्या वीज केंद्राला विकलं, तर ते शीतकरण मनोऱ्यांतून वाफ होऊन जाईल. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं आणि ती योजना यशस्वी म्हणून दाखवली जाते. तिथं धरणाचं तेवढं गोडं पाणी वाचलं, हे खरं. पण भीमेच्या खोऱ्यात असंच केलं तर वाचलेलं पाणी कुणाला मिळणार, हे आधी ठरलेलं बरं. उन्हाळ्यात उजनीतला उपयुक्त साठा संपून पाणी उणे पातळीत जातं तेव्हा मुळा-मुठेतून खाली वाहणारं पाणी जवळजवळ सगळं सांडपाणीच असतं.

मुंबईची गोष्ट वेगळी. तिथलं सांडपाणी समुद्रात आणि खाड्यांत जातं, खाली कुणी वाट पाहत नाही. तिथं वापरलेला प्रत्येक लिटर ही खरी भर. पुणे, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या आतल्या शहरांत पुनर्वापर म्हणजे बहुतेक वेळा एकाच्या पाटातलं पाणी दुसऱ्याच्या पाटात वळवणं. ४२४ शहरांना एकच धोरण लावताना किनारा आणि पठार यांचे हिशेब निराळे ठेवावे लागतील. प्राधान्याच्या यादीत औष्णिक वीज केंद्रं आणि उद्योग वर आहेत, शेती त्यांच्या खाली आहे, आणि मत्स्यशेतीबद्दल बोलायला अजून कुणी बसलेलं नाही.